मरणादारी आणि तोरणादारी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात झालेल्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'पूर्वी परक्यांच्या अमलाखाली राहिलेल्या राष्ट्रांनी महायुद्धाच्या विजयोत्सवात सामील व्हावे.' मी अनुकूल बाजूने बोललो. हिटलरच्या पराभवात साऱ्या मानवजातीचा विजय आहे, जुनी भांडणे उगाळत बसणे हे कोत्या मनाचे लक्षण आहे, दोन कोटी सत्तर लाख माणसे गमावलेल्या देशाच्या दारात पाय ठेवायला नकार देणे ही कृतघ्नता आहे, अशी माझी वाक्ये होती आणि ती मी घरी आरशासमोर उभे राहून घोकली होती. टाळ्याही पडल्या. दुसरा क्रमांक मिळाला.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर आमचे इतिहासाचे सर जिन्यात भेटले. म्हणाले, "बोललास चांगला. पण एक सांग, तू पाहुण्याच्या बाजूने बोललास की यजमानाच्या?" मला प्रश्नच नीट उमगला नाही. मी हसून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र वर्षभर मनात सलत राहिला. हा लेख म्हणजे सरांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. ते देताना व्यासपीठावरून मांडलेले माझे मत मला बरेचसे मागे घ्यावे लागणार आहे, हे आधीच कबूल करतो.

या विषयाशी माझा संबंध स्पर्धेपुरताच आहे असे मला तोवर वाटत होते. घरी येऊन आजीला बक्षीस दाखवले, विषय समजावून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्या आईची ती पोलंडची माणसं?" आणि मग तिने जे सांगितले ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण कधी मन लावून ऐकले नव्हते.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला पंचगंगेच्या काठी १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे होती, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटके सारे काही तिथे होते. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. माझी पणजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. वडिलांबरोबर ती दुधाच्या चरव्या घेऊन छावणीत रतीब घालायला जाई. १९४५ च्या मे महिन्यात लढाई संपल्याची बातमी आली. आज या गोऱ्या माणसांच्या घरी सण असणार, काहीतरी गोडधोड मिळणार, अशा आशेने पणजी रतिबाला गेली. पाहते तो नेहमीच्या घरातली बाई दारात बसून डोळे पुसत होती. पणजीने खुणेने विचारले, लढाई संपली ना? बाईने मान डोलावली. मग दोन्ही हातांनी छपराचा आकार करून दाखवला आणि हात झटकले. घर गेले.

जिंकलेली माणसे रडतात कशी, हे कोडे पणजीला मरेपर्यंत सुटले नाही असे आजी सांगते. मला ते सोडवायला ग्रंथालयात आठवडाभर बसावे लागले.

वळिवड्याला आलेली ही माणसे जर्मनांनी हाकललेली नव्हती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाही नव्हते. २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोत सोव्हिएत संघ आणि जर्मनी यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप करार या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याला एक गुप्त पुरवणी जोडलेली होती आणि तीत पोलंडसह पूर्व युरोपची वाटणी करून ठेवलेली होती. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये घुसले, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनचे. २२ सप्टेंबरला ब्रेस्त-लितोव्स्क हे शहर जर्मनांनी सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात दिले. त्या वेळी जर्मन सेनापती गुडेरियान आणि सोव्हिएत अधिकारी क्रिवोशेइन यांनी एकाच मंचावर उभे राहून सैन्याचे संचलन पाहिले. ज्या महायुद्धाच्या विजयाचे संचलन आज मॉस्कोत दरवर्षी होते, त्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात हेही एक संचलन झाले होते.

त्यानंतर पूर्व पोलंडमधून लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. १९४० च्या वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व कैदी गोळ्या घालून मारले गेले. जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला आणि कालचे कैदी एका रात्रीत मित्रराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना सोडण्यात आले. त्यांतली काही माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली, काही वळिवड्याला पोचली. छावणीतल्या कित्येक बायकांचे नवरे आणि मुलगे जनरल अँडर्सच्या सैन्यात होते. १९४४ च्या मे महिन्यात इटलीत माँते कासिनोचा डोंगर ज्या पोलिश सैन्याने सर केला ते हेच. युद्ध जिंकले, पण त्याआधीच, फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देण्याचे ठरून गेले होते. दारात बसून रडणाऱ्या त्या बाईचा देश जिंकला होता आणि तिचे घर दुसऱ्या देशात गेले होते.

मित्रहो, 'महायुद्धातला विजय' हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा त्याच्या पोटात असे प्रसंग असतात. माझ्या स्पर्धेतल्या भाषणात यातले एक अक्षरही नव्हते.

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे येतो. ९ मे २००५ रोजी मॉस्कोत विजयाचा साठावा वर्धापनदिन थाटाने साजरा झाला. पन्नासहून अधिक देशांचे प्रमुख आले होते. आपले पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग हेही होते. आमंत्रण बाल्टिक समुद्राकाठच्या तीन छोट्या देशांनाही होते : एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया. हे तीनही देश जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने व्यापले आणि ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघात सामील करून टाकले. १४ जून १९४१ च्या सुमारास तिन्ही देशांतून मिळून चाळीस हजारांहून अधिक माणसे, त्यांत म्हातारेकोतारे आणि तान्ही मुलेही, पूर्वेकडे हद्दपार झाली. पुढे तीन वर्षे जर्मनांचा अंमल आला. १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले आणि राहिले. मार्च १९४९ मध्ये पुन्हा सुमारे नव्वद हजार माणसे हद्दपार झाली. स्वातंत्र्य परत मिळाले ते १९९१ मध्ये. रशियाच्या सैन्याने शेवटचा पाय काढला तो लिथुआनियातून १९९३ मध्ये आणि उरलेल्या दोन देशांतून ऑगस्ट १९९४ मध्ये. म्हणजे मॉस्कोत ज्या युद्धाच्या समाप्तीचा उत्सव होता, ते या देशांच्या दृष्टीने संपून तेव्हा अकरा वर्षेही पुरी झाली नव्हती.

तीन राष्ट्राध्यक्षांनी तीन प्रकारे विचार केला आणि उत्तरे दोन दिली. एस्टोनियाचे आर्नोल्ड रूटेल आणि लिथुआनियाचे वाल्दास आदाम्कुस गेले नाहीत. लाटव्हियाच्या वायरा विके-फ्रायबेर्गा गेल्या. मला आश्चर्य वाटले ते या तिघांच्या पूर्वायुष्याचे. रूटेल हे सोव्हिएत राजवटीत मोठ्या पदावर राहिलेले गृहस्थ. आदाम्कुस तरुणपणी देश सोडून अमेरिकेत गेलेले. विके-फ्रायबेर्गा तर सात वर्षांच्या असताना सोव्हिएत सैन्य परत येत आहे म्हणून आईवडिलांबरोबर रिगा सोडून पळालेल्या. निर्वासितांच्या छावणीत वाढल्या, कॅनडात मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि म्हातारपणाच्या उंबरठ्यावर मायदेशी परतून राष्ट्राध्यक्ष झाल्या. सोव्हिएत व्यवस्थेत वाढलेला गेला नाही आणि तिच्या भीतीने पळालेली गेली. जाणे न जाणे हे कुणी किती सोसले यावरून ठरत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

पोलंडचे राष्ट्राध्यक्ष क्वास्निएव्स्की गेले. त्याच समारंभाला पोलंडचे जुने लष्करशहा जनरल यारुझेल्स्कीही होते. या माणसाला तरुणपणी कुटुंबासह सैबेरियात हद्दपार केलेले होते. वडील तिथेच वारले. बर्फाच्या झळाळीने याचे डोळे अधू झाले आणि जन्मभर काळा चष्मा लागला. पुढे हाच तरुण सोव्हिएत सैन्याच्या बरोबरीने लढत जर्मनीत गेला आणि हाच १९८१ मध्ये स्वतःच्या देशात लष्करी कायदा लावणारा झाला. त्याला हद्दपार म्हणावे, विजेता म्हणावे की जुलमी? एकाच माणसाच्या अंगावर जर इतके पदर असतील तर राष्ट्राविषयी एका वाक्यात निकाल देणारे आम्ही स्पर्धक कोण?

सामील व्हावे असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. ते मीच एकदा मांडले आहेत, म्हणून पुन्हा प्रामाणिकपणे मांडतो. २७ जानेवारी १९४५ रोजी ऑश्विट्झच्या छळछावणीचे दार उघडले ते सोव्हिएत सैनिकांनी. रिगाजवळच्या रुंबुला येथील रानात १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दोन दिवसांत सुमारे पंचवीस हजार ज्यू मारले गेले. लिथुआनियातल्या दर दहा ज्यूंपैकी नऊ युद्धात नाहीसे झाले. या कत्तलींत जर्मनांना हात देणारे स्थानिक लोकही होते. जे थोडे ज्यू वाचले त्यांना लाल सैन्याचे आगमन ही मुक्तीच होती आणि त्यांना 'ती मुक्ती नव्हती' असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. शिवाय एस्टोनिया आणि लाटव्हियात रशियन बोलणारी माणसे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घरातल्या भिंतीवर आजोबांचा गणवेषातला फोटो आहे. त्या आजोबांनी कुणाचा देश बळकावला नव्हता, ते हुकूम आला म्हणून गेले आणि कुठल्यातरी चिखलात मेले. त्या नातवाने ९ मेला फूल वाहू नये असे म्हणणे हे केवळ निर्दयपणाचे होईल.

हे सगळे खरे आहे. मग न जाणाऱ्यांचे काय चुकले?

इथे मला आजीचे वाक्य आठवते. सगळी हकीकत सांगून झाल्यावर मी तिला विचारले होते, "तुला काय वाटतं? त्या लोकांनी जावं की नाही?" आजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अरे, मरणादारी बोलावणं लागत न्हाई. दुश्मनाच्यात मयत झालं तरी माणूस जातंय. तोरणादारी मात्र मानानं बोलावलं तर जायचं. आणि ज्यानं आपलं घर मोडलं त्याच्या तोरणाखाली उभं राहायचं म्हणजे त्यानं आधी तोंडानं बोलायला पायजे, की बाबा, चुकलं."

मला वाटते या प्रश्नाची सारी गुंतागुंत याच दोन दारांत आहे. ९ मे हा दिवस एकाच वेळी मरणदारही आहे आणि तोरणदारही. दोन कोटी सत्तर लाख मेलेल्यांचे स्मरण हे मरणदार. तिथे जायला लाटव्हियालाच काय, कुणालाही आमंत्रणाची गरज नाही आणि अडवणूकही असू नये. पण लाल चौकातला मंच, रणगाडे, क्षेपणास्त्रे, सलामी, हे तोरण आहे. तोरणाखाली उभा राहणारा पाहुणा नुसता हळहळ व्यक्त करत नसतो, तो यजमानाच्या घराण्याची कीर्ती मान्य करत असतो. आपल्याकडे लग्नात अक्षता टाकणारा प्रत्येक माणूस त्या लग्नाचा साक्षीदार असतो, तसेच हे. बाल्टिक राष्ट्रांकडून मागितली जात होती ती श्रद्धांजली नव्हे, साक्ष. आणि साक्ष या गोष्टीची, की १९४४ मध्ये तुम्ही आलात ते आमची सुटका करायला आलात.

कुणी म्हणेल, रशियाने चूक कबूल केली नाही असे कसे म्हणता? २४ डिसेंबर १९८९ रोजी सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या परिषदेने त्या गुप्त पुरवणीचा निषेध केला नव्हता काय? केला होता, आणि ती फार मोठी गोष्ट होती. त्याच वर्षी २३ ऑगस्टला टॅलिनपासून रिगामार्गे व्हिल्निअसपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी धरून लाखो बाल्टिक नागरिक उभे राहिले होते, त्याचाही त्यात वाटा असावा. पण २००५ मध्ये या निषेधाची आठवण करून दिली गेली तेव्हा राष्ट्राध्यक्ष पुतिन यांचा सूर असा होता की ते एकदा सांगून झाले आहे, दरवर्षी तेच सांगायचे का? आणि १९४० च्या घटनेला 'बळकावणे' म्हणायला मॉस्को तयार नव्हते. करार चुकला पण त्यातून जे घडले ते चुकले नाही, असे म्हणणे म्हणजे चोरीचा बेत वाईट होता पण आणलेला माल आमचा, असे म्हणण्यासारखे आहे.

या वादात आपण भारतीयांनी त्रयस्थपणे बोलण्याचे कारण नाही. हाच पेच आपल्या वडीलधाऱ्यांपुढेही उभा राहिला होता. ब्रिटिशांच्या बाजूने दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी सैनिक लढले. त्याच काळात बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसे अन्नावाचून मेली. युद्ध संपल्यावर सरकारने दिल्लीत विजय सप्ताह आखला आणि ७ मार्च १९४६ रोजी मोठे संचलन ठेवले. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्याने देश पेटलेला होता. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी मुंबईच्या बंदरात नौसैनिकांचे बंड झाले होते. काँग्रेसने आणि मुस्लिम लीगनेही त्या उत्सवावर बहिष्कार घातला. दिल्लीत दंगल झाली, टाउन हॉलला आग लागली, गोळीबार झाला. जपान आणि जर्मनी हरले याचे दुःख दिल्लीकरांना झाले होते असे कुणी म्हणणार नाही. पण ज्याच्या विजयाने आपल्या पायातली बेडी निघत नाही त्याच्या विजयाचे पेढे कसे खायचे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आणि तरीही त्या युद्धात मेलेल्या आपल्या माणसांना आपण टाकून दिलेले नाही. नायक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातले, मराठा पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचे स्मारक आहे आणि तिथे हार घालणाऱ्याला कुणी इंग्रजधार्जिणा म्हणत नाही. दिल्लीच्या संचलनावर बहिष्कार आणि माणगावच्या स्मारकाला हार, या दोन गोष्टी एकाच देशाने केल्या आणि त्यांत विसंगती कुणाला वाटली नाही. तोरण नाकारता येते, मरण नाकारता येत नाही.

पोलंडच्या वाट्याला तर दोन्हीकडचा अपमान आला. ८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे भव्य संचलन झाले. ब्रिटनच्या आकाशात लढलेले पोलिश वैमानिक, माँते कासिनो जिंकणारे पोलिश सैनिक त्यात नव्हते. ब्रिटनने तोवर मॉस्कोच्या छायेतल्या वॉर्सातील सरकारला मान्यता दिलेली होती. शेवटी फक्त वैमानिकांना बोलावणे आले आणि बाकीच्या भावंडांना वगळून आम्ही येणार नाही, असे म्हणून त्यांनी ते नाकारले. त्यांनी नाकारले म्हणून ते कमी लढले काय?

तर मग कायमच जाऊ नये असे माझे म्हणणे आहे का? मुळीच नाही. सरांना उत्तर देताना मला सर्वांत उपयोगी पडले ते २०१० हे वर्ष. कातिनच्या हत्याकांडाचा दोष सोव्हिएत सरकार जवळजवळ पन्नास वर्षे जर्मनांवर ढकलत आले होते. १९९० मध्ये गोर्बाचेव्ह यांनी जबाबदारी मान्य केली, १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी मूळ कागदपत्रे पोलंडला दिली. ७ एप्रिल २०१० रोजी पुतिन आणि पोलंडचे पंतप्रधान टुस्क कातिनच्या रानात शेजारी शेजारी उभे राहिले. तीनच दिवसांनी कातिनलाच निघालेले पोलंडचे राष्ट्राध्यक्ष काचिन्स्की यांचे विमान स्मोलेन्स्कजवळ कोसळले आणि शहाण्णव माणसे गेली. त्यानंतर महिन्याभरातच, ९ मे २०१० रोजी, पोलंडच्या सैनिकांची तुकडी लाल चौकात संचलन करून गेली. एस्टोनियाचे इल्व्हेस आणि लाटव्हियाचे झाटलेर्स हे राष्ट्राध्यक्षही त्या वर्षी मॉस्कोला गेले. लिथुआनियाच्या ग्रिबाउस्कायते गेल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात रशियाच्या संसदेने कातिनचा हुकूम स्टालिनचा होता असा ठराव केला. यजमान मरणादारी येऊन उभा राहिला, म्हणून पाहुणा तोरणादारी येऊ शकला. यात कुणाचाही पराभव झाला नाही आणि विजयाची शान रतीभर उणी झाली नाही. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष फॉन व्हायत्सेकर यांनी ८ मे १९८५ रोजी स्वतःच्या देशाच्या शरणागतीचा दिवस हा मुक्तीचाही दिवस होता असे सांगितले, तेव्हाही जर्मनी लहान झाली नव्हती.

दुर्दैवाने ते दार फार दिवस उघडे राहिले नाही. २०१४ मध्ये क्रायमिया घेतला गेला. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, आणि ते करताना १९४५ च्या विजयाचीच भाषा वापरली गेली. ज्या युक्रेनचे लाखो सुपुत्र लाल सैन्यात लढून मेले, त्याच युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून स्मरणाचा दिवस ९ मेऐवजी ८ मे केला. पोलंडने तो बदल २०१५ मध्येच केला होता. आठ तारीख ही तोरणाची नाही, मेणबत्तीची आहे. आज कुठल्याही पूर्वव्याप्त राष्ट्राने मॉस्कोच्या मंचावर जाणे म्हणजे जुन्या विजयालाच नव्हे तर चालू युद्धालाही अक्षता टाकणे आहे, असे मला स्पष्ट वाटते.

पण न जाणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दुसऱ्याने कबुली द्यावी असे म्हणणाऱ्याने स्वतःचे घरही झाडले पाहिजे. ज्यूंच्या कत्तलींत जर्मनांना हात देणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे लाटव्हियाने, लिथुआनियाने दरवर्षी तितक्याच मोठ्या आवाजात म्हटले पाहिजे. जर्मन गणवेषात लढलेल्यांना वीर म्हणून मिरवणे आणि सोव्हिएत गणवेषात मेलेल्यांची स्मारके पाडणे या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ लागल्या तर बहिष्काराचे नैतिक बळ निघून जाते. २००७ मध्ये टॅलिनच्या मध्यवस्तीतला ब्राँझचा सोव्हिएत सैनिक हलवला तेव्हा दंगल झाली, एक तरुण मेला. पण तो पुतळा वितळवला नाही, लष्करी स्मशानभूमीत नेऊन उभा केला. चौकातून काढून स्मशानात नेणे हे मला समजू शकते. रिगामध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एकोणऐंशी मीटर उंचीचा विजयस्तंभ पाडला, त्याविषयीही मी तक्रार करणार नाही, तो तोरणाचाच खांब होता. थडग्यांना मात्र हात लागता कामा नये.

आणि विके-फ्रायबेर्गांचे काय? त्या गेल्या ते चुकले का? या प्रश्नापाशी मी सर्वांत जास्त अडलो. त्यांनी जाण्याआधीच जगाला बजावून सांगितले होते की युद्धाच्या शेवटाने आमच्या देशाला स्वातंत्र्य दिले नाही. म्हणजे त्या तोरणाखाली गेल्या, पण साक्ष स्वतःच्या शब्दांत देऊन गेल्या. हा मार्ग सर्वांत कठीण आहे. पाहुणा बोलका आणि निर्भय असेल तरच तो घ्यावा. नुसता हात जोडून फोटोत उभा राहणारा पाहुणा जाण्यापेक्षा न गेलेला बरा.

तर सर, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की मी यजमानाच्या बाजूने बोललो होतो. पाहुण्याला दारात उभे राहताना काय आठवत असेल हे मला ठाऊकच नव्हते.

वळिवड्याची आठवण कोल्हापूर आणि पोलंड दोघांनीही ठेवली आहे. महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. इथेच मेलेल्या काही पोलिश माणसांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत आहेत. परवा ८ मे रोजी मी आजीला घेऊन तिथे गेलो. समारंभ काही नव्हता, कुणी बोलावलेही नव्हते. आजीने घरच्या मोगऱ्याची फुले रुमालात बांधून आणली होती. नावे तिला वाचता येईनात आणि मलाही धड उच्चारता येईनात. तिने प्रत्येक थडग्यावर दोन-दोन फुले ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "आईनं दूध घातलंय यांना."

(तृतीय वर्ष कला, इतिहास)